अहवाल स्वच्छ, घड काळे : दिंडोरी तालुक्यातील एका बॅग फिल्टरचे प्रकरण

बॉयलरच्या धुराविषयी तक्रार आली की संशय सहसा दोनच दिशांना जातो. एक तर कारखान्याने धूर गाळणारी यंत्रणा बसवलेलीच नसावी, किंवा बसवलेली यंत्रणा वीज वाचवण्यासाठी बंद ठेवली जात असावी. पुढे मांडलेले प्रकरण या दोहोंत बसत नाही. यंत्रणा बसवलेली होती, योग्य मापाची होती, रोज चालत होती आणि तिच्या चाचणीचा अहवाल मर्यादेच्या बराच आत होता. तरीही शेजारच्या द्राक्षबागांत घडांवर काजळी पडत होती. कारखान्याचे आणि गावाचे नाव येथे दिलेले नाही; तांत्रिक बाजू समजण्यास त्यांची गरजही नाही.

कारखाना फळप्रक्रियेचा आहे. हिवाळ्यात टोमॅटो आणि पेरू, उन्हाळ्यात आंबा, असे त्याचे वर्षाचे चक्र आहे. गर शिजवण्यासाठी आणि निर्जंतुकीकरणासाठी लागणारी वाफ तासाला ४ टन क्षमतेच्या बॉयलरमधून येते. इंधन म्हणून ब्रिकेट, म्हणजे बाजारात ज्याला पांढरा कोळसा म्हणतात तो, वापरला जातो. लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, सोयाबीनचा भुसा आणि उसाचे चिपाड दाबून केलेल्या या कांड्यांत गंधक फारच कमी असल्यामुळे सल्फर डायऑक्साइडची चिंता येथे जवळजवळ नव्हती. प्रश्न होता तो कणांचा.

पूर्ण भारावर असा बॉयलर ताशी साधारण ९०० किलो ब्रिकेट खातो आणि १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमानाचा सुमारे ९,५०० घनमीटर वायू बाहेर टाकतो. या वायूच्या वाटेवर आधी मल्टिसायक्लोन, मग बॅग फिल्टर, त्यानंतर आयडी फॅन, म्हणजे धूर ओढून चिमणीत ढकलणारा पंखा, आणि शेवटी ३० मीटर उंचीची चिमणी अशी रचना होती. मल्टिसायक्लोनमध्ये वायू अनेक लहान नळकांड्यांतून वेगाने गरगर फिरवला जातो, जड कण कडेला फेकले जाऊन खाली घसरतात आणि हलका वायू मधून वर निघून जातो. १० मायक्रॉनपेक्षा मोठ्या राखेसाठी हे साधन चांगले आहे. ५ मायक्रॉनच्या खाली मात्र त्याची पकड झपाट्याने सुटते. येथे त्याचे दुसरेही एक काम होते, ते म्हणजे भट्टीतून उडणाऱ्या ठिणग्या पिशव्यांपर्यंत पोहोचू न देणे.

बारीक कणांसाठी बॅग फिल्टर. १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि ३ मीटर लांबीच्या ११२ पिशव्या तारेच्या सांगाड्यांवर चढवून एका पत्र्याच्या घरात टांगलेल्या होत्या. वायू बाहेरून आत शिरतो, धूळ पिशवीच्या बाहेरच्या अंगावर अडते, आणि ठरावीक वेळाने वरून दाबाखालील हवेचा झटका देऊन ती खाली हॉपरमध्ये, म्हणजे राख साठवणाऱ्या नरसाळ्यात, पाडली जाते. पिशव्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १५८ चौरस मीटर होते, म्हणजे कापडातून जाणाऱ्या वायूचा वेग मिनिटाला १ मीटर पडत होता. या प्रकारच्या राखेसाठी हे प्रमाण सावध म्हणावे असेच आहे. कापडही पीपीएस (पॉलिफेनिलिन सल्फाइड) या कृत्रिम धाग्याचे होते, जे १९० अंशांपर्यंतचे तापमान सतत सोसते आणि ओल्या उष्णतेत साध्या पॉलिएस्टरप्रमाणे कुजत नाही. थोडक्यात, यंत्रणेच्या मापात किंवा निवडीत खोट नव्हती.

तक्रार जानेवारीत आली. मण्यांत पाणी उतरण्याचा, घड निर्यातीसाठी जपण्याचा हा काळ. पिकत आलेल्या मण्यावर जी पांढुरकी लव असते, ती शाबूत असेल तरच व्यापारी मालाला हात लावतो. काजळीचा ठिपका पुसायला गेले तर ठिपक्यासोबत लवही निघते आणि काळा डाग जाऊन चकचकीत डाग उरतो. बागायतदारांचे नुकसान असे दुहेरी होते. कारखान्याच्या व्यवस्थापकांनी त्यांच्यासमोर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल ठेवला. चिमणीतील कणांचे प्रमाण प्रति सामान्य घनमीटर (म्हणजे ठरावीक प्रमाण तापमानाला आणि दाबाला आणून मोजलेल्या वायूच्या घनमीटरला) ३८ मिलिग्रॅम होते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील मर्यादा १५० मिलिग्रॅमची होती. त्यांनी पुढे असेही सुचवले की थंडीपासून बाग वाचवण्यासाठी बागायतदार स्वतःच पहाटे शेकोट्या पेटवतात, तेव्हा काजळी त्यांचीच असावी.

हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात नोंदलेले किमान तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते, आणि पारा खाली गेला की निफाड-दिंडोरीच्या बागांत रात्री ठिबक चालू ठेवणे आणि पहाटे धूर करणे हे उपाय सर्रास केले जातात. त्यावर एका ज्येष्ठ बागायतदाराने दिलेले उत्तर बैठकीच्या टिपणात नोंदवले गेले आहे : ‘साहेब, आमची शेकोटी गारठा पडला तरच पेटते. तुमची चिमणी रोज पेटते, आणि काळं रोज पडतं.’

काजळी लाकडाच्या शेकोटीची की ब्रिकेटच्या बॉयलरची, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. दोन्ही वनस्पतिजन्य इंधनाच्या अपुऱ्या ज्वलनातून आलेल्या. एक फरक मात्र बोटाला कळतो. नीट जळलेल्या इंधनाची राख करडी असते आणि फुंकर मारली की उडते. अर्धवट जळलेल्याची काजळी तेलकट असते, चोळली की पसरते. घडांवरची काजळी पसरत होती. तेव्हा ती बॉयलरची असेलच, तर भट्टी पूर्ण तापलेली असतानाची नव्हती, हा पहिला धागा येथे हाती लागला.

वेळ नक्की करण्यासाठी जी पद्धत वापरली ती अगदी साधी होती. काचेच्या पट्ट्यांवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवून त्या बागेत वेगवेगळ्या अंतरांवर मांडवाच्या तारांना बांधल्या आणि पहाटे ५, सकाळी ८ व सायंकाळी ६ अशा वेळी बदलल्या. बागायतदारांनी त्या आठवड्यात शेकोट्या न पेटवण्याचे मान्य केले आणि तो शब्द पाळला. पहाटे ५ ते ८ या वेळेतल्या पट्ट्या काळ्या निघाल्या, दिवसाच्या पट्ट्यांवर तुरळक करडे कण दिसले, आणि कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या पट्ट्या स्वच्छ राहिल्या. शेकोटीचा मुद्दा तेथेच मिटला.

आता बॉयलरघरात पहाटे नेमके काय चालते ते पाहणे भाग होते. पावणेसहाच्या सुमारास बाहेर ८ अंश तापमान असताना बॉयलर अटेंडंटने लाकडाच्या ढलप्यांवर भट्टी पेटवली आणि त्याआधी बॅग फिल्टरच्या बाजूने जाणाऱ्या नळीचा, म्हणजे बायपासचा, डॅम्पर (वाट उघडणारी-मिटणारी झडप) उघडला. चिमणीतून काळा धूर सुरू झाला. पॅनलवरचा तापमानाचा आकडा ४० वरून ६०, ६० वरून ७५ असा रेंगाळत चढत होता. गर शिजवण्याचे काम आठनंतर सुरू होत असल्यामुळे तोवर वाफेला गिऱ्हाईक नव्हते, म्हणून आगही मंदच ठेवली होती. आकडा १३० ला पोहोचल्यावर बायपास आपोआप बंद होणार होता, आणि तो बंद व्हायला पाऊण तासाच्या वर लागला. या सगळ्या वेळात पिशव्यांचे घर कोरडे आणि निवांत होते. धूर मल्टिसायक्लोनमधून थेट चिमणीत जात होता.

अटेंडंटला दोष देण्याचे कारण नव्हते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका मदतनिसाने बायपास न उघडता भट्टी पेटवली होती आणि काही दिवसांतच पिशव्यांवरचा दाबातील फरक, जो एरवी पाण्याच्या १०० ते १५० मिलिमीटर स्तंभाएवढा असतो, तो २५० च्या वर गेला. आयडी फॅनला वायू ओढवेना, भट्टीच्या दारातून ज्वाळा उलट बाहेर येऊ लागल्या आणि पिशव्यांचा अख्खा संच बदलावा लागला. तेव्हापासून मालकांचा तोंडी हुकूम होता की गॅस तापल्याशिवाय पिशव्यांवर घ्यायचा नाही. कापडाच्या दृष्टीने हा हुकूम बरोबर होता.

कारण असे. ब्रिकेटच्या धुरात आकारमानाने सुमारे ११ टक्के पाण्याची वाफ असते. नाशिक परिसराची उंची आणि तिथला हवेचा दाब धरून हिशोब केला तर ही वाफ साधारण ४७ अंशांना दवरूपाने सुटू लागते. ब्रिकेट ओली असतील तर त्याहून थोड्या जास्त तापमानालाच. रात्रभर गार पडलेल्या घराचा पत्रा पहाटे ८-९ अंशांवर असतो. त्याला आणि पिशव्यांना धूर लागला की पाणी सुटणारच. शेतमालाच्या अवशेषांपासून केलेल्या इंधनाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतात, त्यामुळे दवबिंदूच्या वर असतानाही राख चिकट होऊ शकते. त्यात पेटतेवेळच्या धुरातले डांबरासारखे पदार्थ मिसळले की पिशवीवर जो थर बसतो, तो हवेच्या झटक्याने पडत नाही. आमच्या धंद्यात याला पिशव्या ‘चोक’ झाल्या म्हणतात. या चिखलाची तुलना पावसाळ्यात बुटाला चिकटणाऱ्या काळ्या मातीशी करता येईल, फरक इतकाच की ही माती धुऊन निघत नाही.

म्हणजे कापड वाचवायचे तर बायपास उघडा ठेवावा लागत होता, आणि बायपास उघडा ठेवला की घड काळे होत होते.

यात तिसरी भर हवामानाची. निरभ्र, निवांत जानेवारीच्या रात्री जमीन वेगाने थंड होते आणि तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. अशा उलट्या तापमानथरात हवा वर चढत नाही. मंद आगीचा धूरही फारसा गरम नसतो, त्याचा वेगही कमी असतो, त्यामुळे तो चिमणीतून निघून थोडा वर जातो आणि उताराच्या दिशेने, म्हणजे नदीकडच्या बागांवरून, आडवा पसरतो. हाच धूर दुपारी निघाला असता तर एवढा त्रास झाला नसता. चिमणी आणखी उंच करावी अशी सूचना एका बैठकीत आली होती. पण थराच्या आतच राहणारी उंची वाढवून काही मीटर पुढची बाग काळी झाली असती, इतकेच.

आता ३८ मिलिग्रॅमच्या अहवालाकडे. तो खोटा नव्हता. चिमणीतील कण मोजताना नमुना ओढणाऱ्या तोंडाशी वायूचा वेग चिमणीतल्या वेगाएवढाच ठेवावा लागतो. कमी-जास्त झाला तर जड आणि हलक्या कणांचे प्रमाण बिघडते. म्हणून मापन करणारे लोक भार स्थिर होण्याची वाट पाहतात. अर्थातच चाचणी सकाळी अकरा-बारानंतर होते, जेव्हा भट्टी तापलेली, पिशव्यांवर राखेचा चांगला थर बसलेला आणि बायपास बंद असतो. हा थर महत्त्वाचा आहे, कारण कापडापेक्षा तोच जास्त गाळतो. नव्याकोऱ्या पिशव्या जुन्यांपेक्षा जास्त धूळ सोडतात ते यामुळेच. अहवाल त्या उत्तम तासाचा होता.

पेटतेवेळी बायपासमधून जाणाऱ्या वायूचे ढोबळ मापन केले तेव्हा आकडा ७०० मिलिग्रॅमच्या आसपास आला. वेग स्थिर नसल्याने तो कोर्टात टिकेल असा आकडा नाही, पण हिशोबाला पुरेसा आहे. त्या वेळी वायूचे प्रमाण ताशी ३,००० सामान्य घनमीटर धरले तर पाऊण तासात दीड किलोच्या वर कण बाहेर पडतात. दिवसभर पूर्ण भारावर, ३८ मिलिग्रॅमच्या दराने, आठ तासांत पडणारे कणही पावणेदोन किलोच भरतात. म्हणजे पहाटेचा पाऊण तास आणि उरलेली अख्खी पाळी जवळजवळ सारख्याच वजनाची होती. आणि पहाटेचे कण तेलकट, बारीक आणि जमिनीलगत अडकलेले होते. अतिप्रदूषक गटांतील मोठ्या उद्योगांना चिमणीवर अखंड मापनयंत्र लावावे लागते, त्यामुळे तेथे असा पाऊण तास निदान आलेखावर उमटतो. लहान बॉयलरला तो कुठेच उमटत नाही. माझ्या मते अशा बॉयलरच्या संमतीपत्रात मिलिग्रॅमच्या अटीसोबत बायपास किती मिनिटे उघडा राहू शकतो, याचीही अट असायला हवी.

दिवसाच्या पट्ट्यांवरचे तुरळक करडे कण राहिले होते. त्यांसाठी मल्टिसायक्लोनच्या पुढे नळीत चमकणारी रंगीत भुकटी सोडली, आयडी फॅन थोडा वेळ चालवून बंद केला आणि अंधारात पिशव्यांच्या वरच्या, स्वच्छ बाजूला अतिनील दिवा फिरवला. फाटक्या पिशवीच्या तोंडाशी ही भुकटी हिरवट चमकते. ११२ पैकी एकाही पिशवीशी चमक दिसली नाही. ती दिसली बायपासच्या डॅम्परपाशी : पाकळीच्या कडेला राखेचे कडक कवच बसून एका बाजूला करंगळी जाईल एवढी फट राहिली होती. पॅनलवर मात्र ‘बंद’ असा दिवा लागत होता, कारण तो दिवा पाकळीची नव्हे, तर हँडलची जागा पाहत होता.

आणखी एक गोष्ट जुन्या कागदांत सापडली. यंत्रणा मे महिन्यात सुरू करून दिली गेली होती. मेच्या उन्हात पत्र्याचे घर सकाळीच कोमट असते आणि आंब्याच्या हंगामात वाफेची मागणी पहाटेपासून असते. त्या दिवशी बायपास दहा-बारा मिनिटांत बंद झाल्याची नोंद आहे. शिवाय तापमान मोजणारा थर्मोकपल घराच्या निर्गमाला, उघड्या नळीवर होता, जेथे आकडा सर्वांत उशिरा चढतो. उन्हाळ्यात ठरवलेली मांडणी हिवाळ्यात कोणी तपासली नव्हती.

उपाय सुचवणाऱ्यांची कमतरता नव्हती. एका पुरवठादाराने पाण्याचा स्क्रबर, म्हणजे पाण्याने धूर धुणारे साधन, जोडण्याचा प्रस्ताव दिला. साध्या फवाऱ्याच्या स्क्रबरला एक मायक्रॉनच्या खालची, पाण्याला न जुमानणारी काजळी फारशी सापडत नाही. अरुंद गळ्यातून धूर वेगाने नेणाऱ्या व्हेंचुरी प्रकारात ती सापडते, पण त्यासाठी आयडी फॅनवर दाबाचा मोठा बोजा पडतो आणि काळ्या पाण्याचा वेगळा प्रश्न उभा राहतो. ईएसपीचाही (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) विचार झाला. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातील २१० मेगावॉटच्या संचांना विजेच्या उच्च दाबाने राख ओढून घेणारी ही यंत्रणा शोभते. ४ टनी बॉयलरला ती परवडत नाही, आणि पेटतेवेळची काजळी तिच्या धातूच्या पट्ट्यांवर नीट धरून राहत नाही, ही अडचण तिलाही आहेच. पाइपने येणाऱ्या गॅसवर जाणे सर्वांत स्वच्छ ठरले असते, पण कारखान्यापर्यंत वाहिनी आलेली नव्हती.

शेवटी जे केले त्यात नवे यंत्र जवळजवळ नव्हते. पिशव्यांच्या घराला आणि हॉपरला ७५ मिलिमीटर खनिज लोकरीचे आवरण चढवले. घरातली हवा गरम करून फिरवणारा एक छोटा पंखा आणि विजेचा हीटर बसवला, जो पहाटे साडेतीनला टायमरवर सुरू होऊन पेटवण्यापूर्वी आतला पत्रा ७० अंशांच्या वर नेतो. थर्मोकपल घराच्या प्रवेशाला आणला आणि दुसरा पत्र्यालाच चिकटवला. डॅम्पर बदलून वरून दाबून बसणारा घेतला आणि दिव्याची तार थेट त्याच्या झडपेशी जोडली.

सर्वांत जास्त वाद झाला तो पिशव्या झाडण्यावर. संध्याकाळी बंद करताना पिशव्या झाडल्या तर सकाळच्या तेलकट धुरापुढे कापड उघडे पडते. न झाडल्या तर क्षारयुक्त राख रात्रभर ओलावा पिऊन कापडावर घट्ट होते. अटेंडंट न झाडण्याच्या बाजूचा होता आणि त्याच्या बाजूला अनुभव होता. अखेर क्रम असा ठरला : आग विझल्यावर आयडी फॅन पंधरा मिनिटे चालवून घरातला दमट वायू बाहेर काढायचा, मग पिशव्या पूर्ण झाडायच्या, हॉपर रिकामा करायचा, आणि पहाटे पेटवण्यापूर्वी प्रवाहात विझवलेल्या चुन्याची भुकटी सोडून कापडावर पांढरा थर द्यायचा. पहिल्यांदा चौरस मीटरला पाव किलोच्या हिशोबाने एक ४० किलोचे पोते लागले. रोजची मात्रा त्याहून बरीच कमी असते. तेलकट काजळी या चुन्यावर बसते, कापडाला लागत नाही, आणि पहिल्या तासात झटके बंद ठेवल्याने थर टिकतो. तो झडतो तेव्हा काजळी घेऊनच झडतो.

ब्रिकेटसाठी छपराची शेड बांधली, पेटवण्यासाठी वेगळी कोरडी रास ठेवली, आणि पेटवण्याची वेळ पावणेसहावरून पावणेसातवर आणली. या शेवटच्या बदलाला काहीच खर्च आला नाही, पण पाळीची वेळ बदलायची म्हणून त्यालाच व्यवस्थापनाचा सर्वांत जास्त विरोध झाला.

फेब्रुवारीच्या मध्यापासून भट्टी पेटते त्या क्षणापासून धूर पिशव्यांतूनच जातो. बायपास फक्त तापमान १८० च्या वर गेले तरच उघडतो. दाबातील फरक त्या हिवाळ्याच्या शेवटापर्यंत १४० मिलिमीटरच्या आत राहिला आणि बागेतल्या पहाटेच्या पट्ट्या सुट्टीच्या दिवसासारख्या निघू लागल्या. आधीच काळ्या झालेल्या घडांच्या भरपाईचा प्रश्न मात्र तांत्रिक नव्हता आणि तो या नोंदीच्या कक्षेत येत नाही. बागायतदारांनी एकच आग्रह धरला, की बायपास उघडल्या-मिटल्याची नोंदवही त्यांना केव्हाही पाहता आली पाहिजे. व्यवस्थापनाने तो मान्य केला.

पुढच्या हिवाळ्यात एका पहाटे हीटरची कॉइल जळाली. अटेंडंटने बायपास उघडून पेटवण्याऐवजी ऊन चढेपर्यंत थांबणे पसंत केले आणि भट्टी नऊला पेटली. दोन तासांचे काम बुडाले, टोमॅटोचे ट्रक फाटकाशी उभे राहिले आणि हा निर्णय त्याने कोणाला विचारून घेतला यावरून कारखान्यात बरीच खडाजंगी झाली. त्यानंतर पेटवण्यापूर्वीच्या सूचनापत्रात ‘पत्रा ७० अंशांखाली असल्यास पेटवू नये’ हे वाक्य व्यवस्थापकांच्या सहीने जोडले गेले, आणि भांडारात हीटरची एक सुटी कॉइल कायम ठेवली जाते.